हॉपप्रधान पेल एल (आस्वादन व परीक्षण)

पेल एल हा फिकट माल्टपासून बनवलेल्या आणि तुलनेने उबदार तापमानाला काम करणाऱ्या यीस्टने आंबवलेल्या बिअरचा प्रकार आहे. जिच्यात हॉप या वेलीच्या फुलांचा कडूपणा व सुगंध माल्टच्या गोडव्यावर वरचढ असतो, तिला हॉपप्रधान म्हटले जाते. इंडिया पेल एल अर्थात आयपीए हा तिचा सर्वांत परिचित उपप्रकार. मुंबईच्या अंधेरीसारख्या उपनगरांत ती आता सहज मिळते. मात्र 'जितकी कडू तितकी चांगली' हा समज तिच्याबरोबरच पसरला आहे आणि परीक्षणाच्या दृष्टीने तो चुकीचा आहे.

इतिहास

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातील हॉजसन यांच्या कारखान्याची एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे येत असे. आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या या प्रवासाला कित्येक महिने लागत. १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसॉप व बास या उत्पादकांनी या व्यापारात प्रवेश केला. हॉजसन यांनी ही बिअर खास भारतासाठी शोधून काढली, ही लोकप्रिय कथा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. जादा हॉप घातलेली एल इंग्लंडमध्ये आधीपासून होती आणि पोर्टर ही काळी बिअरदेखील तोच प्रवास करून भारतात सुस्थितीत पोहोचत होती. आजची फळांच्या सुगंधाची पेल एल मात्र अमेरिकी वळणाची आहे. १९७२ मध्ये प्रसारित झालेली कॅस्केड ही हॉपची जात आणि १९८० मध्ये कॅलिफोर्नियात प्रथम बनलेली सिएरा नेवाडा पेल एल यांनी तिला हे रूप दिले.

कडूपणा आणि सुगंध

हॉपच्या फुलांतील अल्फा आम्ले माल्टच्या काढ्यात उकळल्यावर रूपांतरित होतात व कडू लागतात. सुगंधी तेले मात्र उकळीत उडून जातात. म्हणून सुगंधासाठीचे हॉप शेवटी, किंवा किण्वनाच्या वेळी अथवा त्यानंतर थंड बिअरमध्येच घातले जातात. एकाच फुलाचे हे दोन गुण वेगवेगळ्या वेळी मिळवावे लागतात. त्यामुळे अतिशय कडू बिअर गंधहीन असू शकते आणि सुगंधी बिअर सौम्य.

परीक्षणाची रीत

बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम या अमेरिकी संस्थेच्या पद्धतीत ५० पैकी गुण दिले जातात: गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. याच संस्थेच्या वर्णनानुसार अमेरिकी पेल एलचा कडूपणा ३० ते ५० एकके व मद्यांश ४.५ ते ६.२ टक्के असतो. परीक्षकाची वैयक्तिक आवड येथे गौण ठरते. समोरचा पेला जाहीर केलेल्या प्रकाराला किती उतरला, एवढेच पाहायचे असते.

पेला ओतताच प्रथम वास घेतला जातो, कारण तो सर्वांत आधी उडतो. संत्र्याची साल, पेरू, पिकलेला आंबा, देवदाराचे लाकूड, ओले गवत अशी वर्णने नोंदवावीत. नुसते 'छान' लिहून उपयोग नाही. पहिल्या घोटात माल्टचा पोळीसारखा किंवा बिस्किटासारखा गोडवा जाणवावा, नंतर कडूपणा यावा आणि घोट गिळल्यावर तो स्वच्छपणे ओसरावा. मराठी आस्वादकाला येथे एक सोय आहे. कारल्याचे कडू आणि सुपारीचे तुरट यांत आपली भाषा आधीच भेद करते. पेल एलमध्ये कडूपणा हा गुण आहे. जिभेला कोरड पाडणारा तुरटपणा बहुधा दोष असतो. (आयुर्वेदातील 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू, हे जुने ग्रंथ वाचताना ध्यानात ठेवावे.)

नेहमीचे दोष ओळखणे अवघड नाही. लोण्याचा वास डायअसिटिलचा, हिरव्या सफरचंदाचा ॲसिटाल्डिहाइडचा, उकडलेल्या मक्याचा डायमिथाइल सल्फाइडचा. ओल्या पुठ्ठ्याचा वास आल्यास बिअरला ऑक्सिजन लागला असे समजावे. प्रकाशामुळे हॉपमधील घटक बिघडून उग्र दर्प येतो. तपकिरी बाटली वापरण्याचे कारण तेच.

मुंबईच्या उपनगरांत

पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या डूलाली या मायक्रोब्रुअरीने पुढे अंधेरी पश्चिमेस टॅपरूम उघडले. 'डूलाली' हा ब्रिटिश सैनिकांच्या बोलीतील शब्द नाशिकजवळच्या देवळाली छावणीवरून आला. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे कंटाळून वेड लागलेल्याला ते डूलाली म्हणत.

मुंबईत बिअर बर्फगार मागण्याची सवय आहे. अशा थंडीत जीभ बधिर होते व गंध दबून राहतो. पेला काही मिनिटे तळहातात धरून ७ ते १० अंश सेल्सिअसपर्यंत येऊ द्यावा, मग मत नोंदवावे. दमट हवेत काचेवर जमणारे पाणी पुसल्याशिवाय रंग व स्वच्छता दिसत नाही. उष्णतेत हॉपचा सुगंध झपाट्याने विरतो. म्हणून केग केव्हा भरला, हा प्रश्न किमतीच्या प्रश्नाआधी विचारण्यासारखा आहे. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर असल्याने तेथील कडूपणा धारदार लागे. मुंबईला पुरवठा करणाऱ्या तानसा-भातसासारख्या तलावांचे पाणी मृदू असते. तशी धार हवी असल्यास त्यात कॅल्शियम सल्फेट मिसळावे लागते.

महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी किमान वय २१ वर्षे, तर कडक मद्यासाठी २५ वर्षे आहे. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार मद्यसेवनाचा परवानाही आवश्यक असतो.