शिरेतून दिली जाणारी कर्करोगाची औषधे : परिचारिकांची दक्षता व आपले कर्तव्य

अंगणातील सदाफुली आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. याच वनस्पतीपासून व्हिन्क्रिस्टीन हे औषध मिळते. रक्ताच्या कर्करोगावर, विशेषतः लहान मुलांच्या ल्यूकेमियावर, ते अनेक दशके वापरले जात आहे. शिरेतून दिले असता जीवनदायी ठरणारे हे औषध चुकून पाठीच्या कण्यात टोचले गेले, तर ते बहुधा प्राणघातकच ठरते.

सन २००१ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे असेच घडले. १८ वर्षांच्या एका तरुणाला एक औषध कण्यात व व्हिन्क्रिस्टीन शिरेत द्यावयाचे होते. दोन्ही औषधांच्या सिरिंज एकाच वेळी हाती आल्या आणि दोन्ही कण्यातच टोचल्या गेल्या. सुमारे चार आठवड्यांनी त्याचा मृत्यू झाला. अशा घटनांनंतर, व्हिन्क्रिस्टीन सिरिंजमध्ये न भरता सलाइनच्या लहान पिशवीत मिसळूनच द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सुचविले. पिशवी कण्याच्या सुईला कोणी सहसा जोडणार नाही, हे त्यामागील साधे तत्त्व होय.

कर्करोग विभागातील परिचारिका औषध सुरू करण्यापूर्वी रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक, औषध, मात्रा, मार्ग व वेळ तपासतात. दुसरी परिचारिका हीच तपासणी स्वतंत्रपणे करते. बहुतेक औषधांची मात्रा उंची व वजन यांवरून ठरते. म्हणून दर खेपेस वजन घेतले जाते. परिचारिका पुनःपुन्हा नाव विचारते, तेव्हा नातेवाइकांनी त्रासून जाऊ नये. तो विसराळूपणा नसून सुरक्षिततेचा नियम आहे.

लाल रंगाचे डॉक्सोरुबिसिन किंवा व्हिन्क्रिस्टीन शिरेबाहेर झिरपल्यास तेथील कातडी व मांस जळून खोल जखम होऊ शकते. म्हणून सुई शिरेतच आहे ना, हे रक्त ओढून पाहिले जाते. सुईच्या जागी जळजळ, दुखणे वा सूज जाणवताच रुग्णाने तत्काळ सांगावे. 'थोडे सोसू या' असे म्हणू नये. अशा वेळी परिचारिका औषध लगेच थांबवते, सुई न काढता शक्य तेवढे औषध परत ओढून घेते व डॉक्टरांना बोलावते. डॉक्सोरुबिसिन झिरपल्यास थंड शेक, तर व्हिन्क्रिस्टीनसाठी उबदार शेक दिला जातो. नातेवाइकांनी स्वतःहून शेक देऊ नये वा जागा चोळू नये.

ही औषधे हाताळणाऱ्यासही अपायकारक असतात. म्हणून परिचारिका विशेष हातमोजे व अंगरखा वापरतात. घरी आल्यावरही साधारण ४८ तास रुग्णाचे मलमूत्र व उलटी हातमोजे घालूनच स्वच्छ करावी. गर्भवती स्त्रियांनी हे काम टाळावे.

रुग्णाजवळ बसणाऱ्याने जागरूक राहावे, शंका निःसंकोच विचारावी आणि परिचारिकेला तिची तपासणी शांतपणे पूर्ण करू द्यावी, अशी आमची सर्व भाविकांस व सदस्यांस नम्र विनंती आहे.