पाठीतली कृष्णा-कोयना

दोस्तांनो, कराडचा प्रीतिसंगम पाहिलाय ना? महाबळेश्वरहून वाईमार्गे येणारी कृष्णा आणि पाटणकडून येणारी कोयना तिथं थेट समोरासमोर भेटतात. मग दोघींचं पाणी घेऊन कृष्णा सांगलीकडं निघते. आता समजा, भर उन्हाळ्यात कोयनेचं पाणी आलंच नाही, तर? वाईला काही कळणार नाही. हाल होतील ते सांगलीच्या बाजूचे!

तुमच्या पाठीतही असाच एक संगम आहे. मणक्यांच्या आत करंगळीएवढा जाड मज्जारज्जू असतो. मेंदूचे हुकूम त्याच्यातूनच पायांपर्यंत पोचतात. त्याच्या पुढच्या अंगानं एक बारीक रक्तवाहिनी वरून खाली येते, पण ती एकटी पुरी पडत नाही. छाती संपते त्या सुमाराला, बहुतेकांच्या डाव्या बाजूनं, तिला एक मोठी उपनदी मिळते. आल्बर्ट आडामकीविच या पोलिश डॉक्टरांनी १८८१-८२ साली मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांचं बारकाईनं वर्णन केलं. म्हणून या उपनदीला त्यांचंच नाव पडलं.

हिचं पाणी येतं महारोहिणीतून, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या नळातून. या नळाला कुठं फुगा आला, तर शस्त्रक्रिया करताना डॉक्टरांना तो थोडा वेळ चिमट्यानं बंद करावा लागतो. नळ दुरुस्त होतो, रोगी शुद्धीवर येतो आणि कधीकधी पाय हलतच नाहीत!

ऊस पाण्यावाचून काही दिवस तग धरतो, पण भाजीचं कोवळं रोप? मज्जारज्जूच्या पेशी या रोपासारख्या. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ नळ बंद राहिला, की धोका वाढू लागतो. म्हणून खरा प्रश्न औषध कोणतं एवढाच नाही, ते कधी द्यायचं हाही आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत चिमटा लावण्याआधी दिलेली काही औषधं उपयोगी पडली, तीच उशिरा दिली तर फायदा घटला. थंडाव्यात पेशींची तहान कमी होते, म्हणून डॉक्टर शरीर आधीच गार करतात.

गंमत म्हणा की दुर्दैव, रक्त परत आलं तरी संकट टळत नाही. कोरड्या पाटात एकदम पाणी सोडलं, की गाळही वाहत येतो ना, तसंच हे! काहींचे पाय शस्त्रक्रियेनंतर हलतात आणि एक-दोन दिवसांनी थांबतात. तेव्हा रक्तदाब वाढवून आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी थोडं काढून रक्ताला वाट करून देतात. वेळेवर केलं, तर पाय परत हलूही लागतात. पण हमखास वाचवील असं औषध अजून सापडलेलं नाही.

झाडावरून पडून कण्याला मार बसला, तरी सुजेनं हाच रक्तपुरवठा आवळतो. १९९० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की एक स्टेरॉइड आठ तासांच्या आत दिलं तर थोडा फायदा होतो. पुढं त्याचे दुष्परिणाम ध्यानात आले. २०१३ साली तिथल्याच मेंदूच्या शल्यविशारदांनी ते न देण्याचा सल्ला दिला.

मात्र घड्याळ तेव्हाही धावतच असतं. जांभळाच्या झाडावरून कुणी पडलं आणि पाय हलेनात, तर घाबरून हातापायांना धरून उचलू नका. मान-पाठ वाकू न देता, चौघांनी मिळून सरळ फळीवर घ्या. आणि त्याआधी एकानं १०८ ला फोन लावा.