कलिंगडाच्या रसाने बारसं झालेलं गाव




माझं बालपण लोंढ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. वडील इंजिनावर फायरमन. गाडी आली की गाव जागं व्हायचं, गाडी गेली की पुन्हा डुलकी घ्यायचं. त्यामुळे रेल्वेने वसवलेलं गाव म्हटलं की अजूनही माझे कान टवकारतात.

2024 च्या उन्हाळ्यात मी अमेरिकेत मुलाकडे होतो. तो इलिनॉय राज्यात ब्लूमिंग्टनला विमा कंपनीत नोकरी करतो. एके दिवशी म्हणाला, "पप्पा, जवळच लिंकन नावाचं गाव आहे. रेल्वेने वसवलेलं. तिथे ख्रिस्ती विद्यापीठही होतं." त्यातला 'होतं' हा शब्द मला खटकला. दुसऱ्याच दिवशी आम्ही आगगाडीने निघालो.

गावाची जन्मकथा मोठी गमतीची आहे. शिकागोहून सेंट लुईसकडे जाणारा लोहमार्ग तयार होत होता. तीन धनिकांनी मार्गालगतची जमीन घेऊन गाव आखलं. कायद्याचे कागद तयार करायला होते वकील अब्राहम लिंकन. मालकांनी गावाला त्यांचंच नाव दिलं. 27 ऑगस्ट 1853 रोजी भूखंडांची विक्री झाली आणि लिंकनसाहेबांनी कलिंगडाच्या रसाने गावाचं बारसं केलं, असं सांगतात. तेव्हा ते राष्ट्राध्यक्ष नव्हते. ते झाले 1861 मध्ये. स्टेशनाजवळ कलिंगडाच्या फोडीचं स्मारक आहे, तिथे मुलाने माझा फोटो काढला. पुढे 3 मे 1865 रोजी याच रुळांवरून लिंकन यांचं पार्थिव नेणारी गाडी स्प्रिंगफिल्डला गेली. माउंट पुलास्कीला असलेलं जिल्ह्याचं ठाणंही रेल्वेपाठोपाठ इथे आलं. गाडी कुठे थांबते, यावर गावांचं नशीब ठरतं, हे आम्हा लोंढेकरांना कोणी शिकवायला नको.

वस्ती जेमतेम 13 हजारांच्या आसपास, पण एवढ्याशा गावात उच्च शिक्षणाच्या दोन ख्रिस्ती संस्था उभ्या राहिल्या. पहिलं लिंकन कॉलेज, प्रेस्बिटेरियन लोकांनी काढलेलं. त्याची पहिली कुदळ लिंकन हयात असताना, त्यांच्याच वाढदिवशी, 12 फेब्रुवारी 1865 ला पडली. दुसरी संस्था 1944 मध्ये निघाली. चर्चला उपदेशक कमी पडू लागले, म्हणून सुरू झालेली ती बायबल शाळा वाढत वाढत लिंकन ख्रिश्चन युनिव्हर्सिटी झाली.

आता दोन्ही बंद आहेत. कॉलेजने आग सोसली, महायुद्धं सोसली, मंदी सोसली. पण कोरोनाने विद्यार्थी कमी केले. त्यातच डिसेंबर 2021 मध्ये खंडणीखोरांनी संगणकांवर हल्ला केला आणि प्रवेशाची माहितीच अडकून पडली. मे 2022 मध्ये, 157 वर्षांनी, कॉलेज संपलं. विद्यापीठाचे विद्यार्थी घटत गेले, पैसा पुरेना, आणि मे 2024 अखेर तेही थांबलं. त्याचा धर्मशिक्षणाचा विभाग तेवढा शेजारच्या मिसुरी राज्यातल्या एका ख्रिस्ती कॉलेजने सांभाळायला घेतला.

आम्ही आवारात थोडा वेळ फिरलो. इमारती धडधाकट होत्या, हिरवळ होती, पण पोरांचा गलका नव्हता. शिक्षकाला ही शांतता सोसवत नाही. गाडी मात्र अजूनही त्या स्टेशनात थांबते. रुळांनी एका दिवसात गाव वसवलं खरं, पण शाळा-कॉलेज टिकवणं रुळांच्या हातात नसतं. तिथे कोणी पोरं पाठवावी लागतात.

आता घरचं सांगतो. मी 34 वर्षं आपल्या सीमाभागातल्या पॅरिशच्या मराठी शाळेत शिकवलं. माझ्या पहिल्या वर्गात 52 मुलं होती, निवृत्त झालो त्या वर्षी 11. सभांमधून 'शाळा वाचवा' म्हणून भाषणं मीही ठोकली. पण माझा स्वतःचा मुलगा? त्याला मी शहरातल्या इंग्रजी शाळेत घातलं. पगार या शाळेचा घेतला आणि पोरगं त्या शाळेत पाठवलं. परतीच्या गाडीत त्यानेच विचारलं, "पप्पा, मला तुमच्या शाळेत का नाही घातलं?" मी खिडकीबाहेरचं मक्याचं शेत पाहत बसलो. त्याच्या भल्यासाठी केलं, हे खरं. आणि माझ्या शाळेचा एक विद्यार्थी मीच कमी केला, हेही खरं.

कोणाला दोष द्यायला हे लिहीत नाही. मुलांचं भलं प्रत्येक आईबाप बघणारच. पण येत्या जूनपूर्वी एकदा, मिस्सा संपल्यावर, आपल्या शाळेच्या वऱ्हांड्यात जरूर डोकावा. सिस्टरना विचारा, पहिलीत किती मुलं आहेत, काय कमी पडतंय. इंग्रजी शिकवणारं कोणी हवं असेल, तर निवृत्त मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. मी आठवड्यातले दोन दिवस द्यायला तयार आहे, आणि तसं फादरना कळवलंही आहे. उशिराचं का होईना, माझ्याकडून तेवढंच.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बेळगाव