‘वय झालं’ म्हणून गाठ, जखम अंगावर काढू नका. उतारवयात कॅन्सर का वाढतो, समजून घ्या

बपेरा (ता. तुमसर) : तोंडातली जखम महिनाभर भरत नाही. घास गिळताना अडकतो. स्तनात गाठ हाताला लागते. घरातलं जुनं माणूस म्हणतं, “आता वय झालं, होतंच असं.” बपेऱ्यासारख्या गावात हे बोलणं काही नवीन नाही. वयासोबत कॅन्सरचा धोका वाढतो, हे खरं आहे. पण म्हणूनच असं दुखणं वयावर ढकलायचं नाही, तर लवकर दाखवायचं.

चूक साचत जाते

शरीरात जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. नवी पेशी होताना तिच्या आतल्या जनुकांची नक्कल होते. त्या नकलेत कधी चूक राहते. साठ-सत्तर वर्षांत अशा चुका साचतात. तंबाखू-बिडीनं त्या आणखी वाढतात.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. ब्रिटनच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये कॅन्सर नसलेल्या माणसांच्या अन्ननलिकेचं अस्तर तपासलं. मध्यम वयापर्यंत अर्ध्याहून जास्त अस्तरात बदललेल्या पेशी पसरलेल्या होत्या. तरी कॅन्सर नव्हता. म्हणजे पेशीत बदल होणं वेगळं आणि तिचा कॅन्सर होणं वेगळं.

धान विरळ, तर तण जोरात

धान लावणाऱ्याला हे लवकर समजेल. तणाचं बी प्रत्येक बांधीत असतंच. धान दाट असलं, पाणी नीट असलं, तर तण दबून राहतं. धान विरळ झालं की तेच तण डोकं वर काढतं.

शरीराचंही तसंच. तरुणपणी शेजारच्या सुदृढ पेशी बिघडलेल्या पेशीला पसरू देत नाहीत. रोगाशी लढणाऱ्या पेशी तिला शोधून मारतात. उतारवयात सुदृढ पेशींचा जोर कमी होतो, हा पहाराही ढिला पडतो. काही थकलेल्या पेशी वाढत नाहीत आणि मरतही नाहीत. त्या आजूबाजूला सूज वाढवणारे पदार्थ सोडत राहतात. अशा जागी बिघडलेल्या पेशीला वाट मिळते.

खर्रा तर वयाचीही वाट पाहत नाही

खर्ऱ्यातली सुपारी गालाच्या आतली नरम कातडी ताठ आणि पांढरट करते. तोंड पूर्ण उघडत नाही, तिखट लागलं की आग होते. तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर डॉक्टरला दाखवा. पुढे अशाच तोंडात कॅन्सरचा धोका मोठा असतो, वय तीसच का असेना.

तपासणीनं जीव वाचतो

मुंबईत टाटा मेमोरियलनं सुमारे दीड लाख बायांवर वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासले. पन्नाशीपुढच्या बायांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले. धाराशिव जिल्ह्याच्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या बायांची एकदाच एचपीव्ही चाचणी केली, तर गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

कुठं जायचं?

तिशीपुढच्या लोकांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत असते. गावातल्या आशाताईंना विचारा. पुढच्या तपासणीसाठी तुमसरचं उपजिल्हा रुग्णालय आहे, उपचारासाठी नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे.

दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, तोंडातला पांढरा-लाल चट्टा, नवी गाठ, पाळी गेल्यावर रक्तस्राव, शौचात रक्त, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. प्रत्येक वेळी तो कॅन्सरच असतो असं नाही. पण रोवणी होऊ द्या, दिवाळी होऊ द्या म्हणत गेलेले महिने परत मिळत नाहीत.