पिंपातला दुधी, वाफ्यावरचे पडवळ

दुधी, पडवळ, दोडका, घोसाळे ही आपल्या रोजच्या जेवणातली लांब फळे. ती लावायला शेतच पाहिजे, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक या वेलींना जमीन लागते थोडी आणि आकाश लागते जास्त. मुळांना हातभर माती, वर चढायला मांडव आणि सहा-सात तास ऊन मिळाले, की वेल आपले काम करते. ज्यांच्याजवळ गुंठाभरही जमीन नाही त्यांना आणि ज्या शाळेचे अंगण नुसते मुरमाड आहे त्या शाळेलाही हे साधण्यासारखे आहे.

प्रथम पिंपाचा विचार करू. २०० लिटरचे पिंप मधोमध आडवे कापले, की दोन आळी तयार होतात. परंतु पिंपात आधी काय होते, याची चौकशी केल्याशिवाय ते घेऊ नये. कीटकनाशकाचे, रसायनाचे किंवा जळक्या तेलाचे पिंप कितीही धुतले तरी भाजीसाठी वापरू नये. खाद्यतेलाचे किंवा सरबताचे पिंप चालेल. तळाला बोट जाईल एवढी सात-आठ भोके पाडावीत आणि पिंप विटांवर ठेवावे, म्हणजे पाणी वाहून जाईल. पत्रा उन्हात तापतो आणि कडेची मुळे भाजतात. म्हणून बाहेरून चुना द्यावा किंवा गोणपाट गुंडाळावे.

तळाशी खडीचा थर दिला म्हणजे पाण्याचा निचरा चांगला होतो, असे आपण ऐकतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. वरची बारीक माती पाणी धरून ठेवते आणि ती पुरती भिजल्याशिवाय खालच्या खडीत पाणी उतरतच नाही. म्हणजे खडीने मुळांची जागा तेवढी अडवली! भोकांवर खापरीचे तुकडे ठेवले, की पुरे. भर घालताना दोन घमेली पोयटा माती, एक घमेले पुरते कुजलेले शेणखत आणि एक घमेले वाळू किंवा नारळाचा भुसा असे मिश्रण करावे. नुसती काळी माती घालू नये. ती ओली झाली की फुगते आणि सुकली की कडा सोडून आकसते. मग घातलेले पाणी फटीतून सरळ खाली जाते. आणखी एक गोष्ट. असे भिजलेले अर्धे पिंप दीडशे किलोच्या आसपास भरते. तेव्हा जुन्या धाब्यावर किंवा कच्च्या गच्चीवर ते चढवू नये.

कोकणात प्रश्न उलटा असतो. तिथे पावसाळ्यात पाणी फार. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. पाणी साचले की मुळे गुदमरतात आणि वेल पिवळी पडते. तिथे वीतभर उंचीचा गादीवाफा करून त्यावर बी लावावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने पडवळाची ‘कोकण श्वेता’ आणि दोडक्याची ‘कोकण हरिता’ या जाती दिल्या आहेत. देशावर दुधीसाठी राहुरीच्या विद्यापीठाची ‘सम्राट’ आहे.

बियांचे कवच टणक असते. रात्रभर पाण्यात भिजवून बी बोटाच्या एका पेराएवढे खोल टोचावे. पावसाळी लावण जून-जुलैत, उन्हाळी जानेवारी-फेब्रुवारीत. अर्ध्या पिंपात दुधीची एकच वेल ठेवावी. तीन बिया टोचून जोमदार रोप तेवढे राखावे. कोवळ्या पानांवर तांबडे भुंगेरे येतात. ते सकाळी सुस्त असतात तेव्हाच वेचून मारावेत. गंधकाची भुकटी मात्र या वेलींवर धुरळू नये, पाने करपतात.

आता पुष्कळांची तक्रार असते, “फुलं भरपूर येतात, पण सगळी गळतात.” यात घाबरण्यासारखं काही नाही. या वेलींवर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात आणि नर फुले आधी येतात. ती उमलतात आणि गळतात. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ असते, त्यावरून ते ओळखावे. दुधीची मादी फुले बहुधा बगलफुटीवर येतात. म्हणून वेल मांडवाला पोचली, की तिचा शेंडा खुडावा, म्हणजे फुटवे लवकर येतात. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि रात्रीचे पतंग परागकण वाहून नेतात. गावात पतंग कमी असतील, तर दिवेलागणीला नर फूल खुडून ते मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवावे. हा प्रयोग शाळेतली मुलं फार आवडीने करतात.

पिंपातली माती लवकर सुकते. पाणी सकाळी द्यावे आणि मातीवर पालापाचोळा पसरावा. दुपारी पाने मलूल दिसली, तरी संध्याकाळी ती सावरतात का ते आधी पाहावे. पाण्याबरोबर खतही वाहून जाते, म्हणून दर पंधरवड्याला दोन ओंजळी गांडूळखत द्यावे. युरियाचा मारा केला, तर पानेच माजतात. लावणीपासून साधारण दोन महिन्यांत दुधी तोडणीला येतो. सालीत नख रुतते तोवरच तो तोडावा. एक फळ वेलीवर जून झाले, की पुढची फळे कमी येतात. पडवळ वाकडे होऊ नये म्हणून त्याच्या टोकाला दोऱ्याने लहानसा दगड बांधण्याची आपली जुनी रीत चांगली आहे.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे सांगतो. दुधी कडू लागला, तर तो खाऊ नये. या कडूपणाचे कारण कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली आणि कडू रस पिऊ नये, असा इशारा दिला गेला. कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडू ते कडूच, असे आपण म्हणतो. कारल्याचा कडूपणा आपण चवीने खातो. दुधीचा मात्र जिवावर बेततो आणि शिजवल्याने तो जात नाही. तेव्हा चिरताना प्रत्येक दुधीची बारीकशी फोड जिभेला लावून पाहावी आणि कडू लागली तर लगेच थुंकावी. शाळेत आहार शिजवणाऱ्या ताईंना तर हे आवर्जून सांगावे. एक कडू फळ साऱ्या पातेल्याला पुरते. असे काही खाण्यात येऊन उलट्या, जुलाब सुरू झाले, तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

कडू वेलीचे बी कधीही राखू नये. वेल उपटून टाकावी. गोड वेलीवरचे एक निरोगी फळ आत बी खुळखुळेपर्यंत वाळू द्यावे आणि तेच बी पुढच्या मृगासाठी जपून ठेवावे. मात्र विकत आणलेल्या संकरित वाणाचे बी राखून उपयोग नाही, पुढच्या पिढीत त्याचे गुण टिकत नाहीत.

एक पिंप, चार बांबू आणि रोज दोन बादल्या पाणी, एवढ्या भांडवलावर घरच्या पाटात ताजी भाजी येते. शिक्षक बंधुभगिनींनी शाळेच्या अंगणात एक तरी मांडव उभा करावा. पुस्तकातले नर फूल आणि मादी फूल मुलांना तिथे हाताने ओळखता येईल.