गाण्याची वर्गणी : नाद किती, दाम किती

गाणें ऐकावयाचें म्हणजे ग्रामोफोनला चावी द्यावी, तबकडीवर सुई ठेवावी आणि तीन मिनिटांनीं उठून तबकडी उलटावी, असा एक काळ होऊन गेला. पुढें रेडिओ आला, कॅसेट आली, सीडी आली. आणि आतां यांपैकीं कोणतीच वस्तु घरांत नसतां केवळ खिशांतील मोबाईलवर लक्षावधि गाणीं दरमहा वर्गणी भरून ऐकावयास मिळतात. स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक, जिओसावन हीं नांवें आमच्या पोलादपुरांतील शाळकरी मुलांसहि पाठ आहेत. परंतु या वर्गणीच्या बदल्यांत नक्की काय मिळतें, आणि उत्तम आवाजाच्या नांवाखालीं जो जादा दाम घेतला जातो त्याचा माल आपल्या कानापर्यंत पोंचतो कीं वाटेंतच सांडतो, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. मजवर तो प्रसंग गेल्या गणपतींत आला.

माझा पुतण्या मुंबईस नोकरीला असतो. सणाला गांवीं येतांच ओटीवर बैठक मारून त्यानें जाहीर केलें, "काका, तुम्ही ऐकतां तो आवाज म्हणजे डब्यांत खडे वाजविल्यासारखा. मी लॉसलेस ऐकतों." माझे वडील, म्हणजे आमचे आण्णा, गिरणींत साचे चालवीत, १९८२ च्या संपानंतर ते गांवीं परतले. ते हंसून म्हणाले, "अरे, साच्यांच्या खडखडाटांत उमर गेली. मला डबासुद्धां गोड लागतो." तथापि पुतण्याचा शब्द मला लागला, आणि या 'लॉसलेस'चें स्वरूप काय आहे तें समजून घ्यावें असें मीं ठरविलें.

मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारें वीस कंपनांपासून वीस हजार कंपनांपर्यंतचा नाद ऐकूं येतो. वय वाढतें तशी वरची मर्यादा खालीं येते. जी सर्वांत सूक्ष्म लहर टिपावयाची, तिच्या कंपनांच्या दुपटीहून अधिक नमुने घेणें भाग असतें. म्हणून १९८२ मध्यें सीडी बाजारांत आली तेव्हां तिच्यासाठीं सेकंदास ४४,१०० नमुने ठरविले गेले. प्रत्येक नमुना १६ बिटांचा. डावी व उजवी अशा दोन्ही बाजू धरल्या म्हणजे दर सेकंदास सुमारें १,४११ किलोबिट माहिती होते, आणि तासाभराच्या गाण्यास सुमारें ६३५ मेगाबाइट जागा लागते. एवढा बोजा मोबाईलच्या तारेविण वाटेनें वाहून नेणें सोपें नव्हे. तेव्हां तो कमी करावयाचा. याच्या दोन रीति आहेत.

पहिली रीति धोतराची घडी करण्याची. पेटींत ठेवतांना धोतर लहान होतें, उलगडलें कीं काठापदरासह जसेंच्या तसें. हीच लॉसलेस, म्हणजे हानिरहित पद्धति. हिनें बोजा साधारण निम्म्यावर येतो. दुसरी रीति कात्रीची. मिरवणुकींत ढोल-ताशा वाजत असतां शेजारच्या माणसाची कुजबूज ऐकूं येत नाहीं, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. मोठा नाद आपल्या जवळच्या लहान नादास झांकून टाकतो. जी कुजबूज ऐकूं येणारच नाहीं ती आधींच कापून टाकली तर बिघडलें कोठें, असा हिशेब जर्मनीतील कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केला, आणि त्यांतून एमपी-३ निघालें. कात्री किती चालवावयाची हें किलोबिटांच्या आंकड्यावरून कळतें. स्पॉटिफायमध्यें २४, ९६, १६० व ३२० अशा पायऱ्या आहेत. यूट्यूब म्युझिक सशुल्क सभासदांस २५६ पर्यंत देतें. जिओसावनची सशुल्क सेवा ३२० देते. ॲपल म्युझिकनें २०२१ च्या जूनपासून हानिरहित आवाज त्याच वर्गणींत, जादा आकार न घेतां, देण्यास प्रारंभ केला. स्पॉटिफायनें तो २०२५ च्या सप्टेंबरांत आणला. मात्र भारतांत त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ज्या नव्या योजना जाहीर झाल्या त्यांत तो सर्वांत महाग योजनेंत ठेवला.

इतकें समजल्यावर मीं पुतण्यास म्हटलें, "आतां परीक्षा होऊन जाऊं दे." ओटीवर तिघे बसलों. एकानें भिंतीकडे तोंड करून बसावयाचें, दुसऱ्यानें तेंच गाणें निरनिराळ्या पायऱ्यांवर लावावयाचें, आणि पहिल्यानें ओळखावयाचें. पहिल्या फेरींत पुतण्या भराभर जिंकूं लागला. थोड्या वेळानें ध्यानांत आलें कीं त्याचें लॉसलेस गाणें किंचित् मोठ्यानें वाजत होतें. जें थोडें मोठें तें कानाला अधिक चांगलें वाटतें, ही फसगत जुनी आहे. अशी तुलना करूं पाहणाऱ्यानें दोन्हीं आवाजांची पातळी प्रथम सारखी करून घ्यावी. ती केल्यावर चित्र पालटलें. २४ किलोबिटांचें गाणें आण्णांनींसुद्धां तत्काळ ओळखलें. "हा गळा पाण्याखालून येतोय," असें ते म्हणाले. ९६ वर झांज व टाळ यांची किणकिण किंचित् चुरचुरल्यासारखी येते, ती मला व पुतण्याला कळली. १६० वर आम्ही चांचरूं लागलों. ३२० आणि लॉसलेस यांच्यांत पुतण्यानें तारेचा मोठा हेडफोन लावून दहांपैकीं सहा वेळां बरोबर सांगितलें. नाणें उडवून सांगितलें असतें तर पांच तरी बरोबर आले असते! मोठ्या घरांत, मोलाच्या यंत्रावर, तयार कानाच्या माणसास याहून अधिक कळूं शकेल. मी आमच्या ओटीपुरतें बोलतों आहें.

शिवाय पुतण्या एरव्हीं ऐकतो तो बिनतारी ब्लूटूथ इअरफोनवर. येथें तर मौजच आहे. साध्या ब्लूटूथच्या वाटेनें सेकंदास सव्वातीनशें किलोबिटांच्या आसपासच माहिती जाते. कांहीं निराळ्या पद्धतींत ती ९९० पर्यंत चढते, पण तेथेंहि सीडीचे १,४११ मावत नाहींत. म्हणजे मोबाईलपर्यंत धोतर अखंड आलें, आणि मोबाईलपासून कानापर्यंतच्या चार बोटांच्या अंतरांत पुन्हां कात्री चालली. वर्गणी मात्र अखंड धोतराची.

त्यानंतर आण्णांनीं आपली फर्माइश केली : बालगंधर्वांचें एखादें जुनें पद. तें त्या सेवेंत सांपडलें, आणि पुतण्यानें मोठ्या अभिमानानें लॉसलेसमध्यें लावलें. आण्णा दोन मिनिटें ऐकून म्हणाले, "सुईची करकर मात्र आतां फार स्वच्छ ऐकूं येते बरें." त्यांच्या विनोदांत शास्त्र होतें. १९२५ च्या सुमारास विद्युत् ध्वनिमुद्रण सुरू होईपर्यंत गायकास कर्ण्यांत तोंड घालून गावें लागे, आणि नादाचे वरचे व खालचे पदर त्या कर्ण्यांतच गळून जात. पुढें मायक्रोफोन आला तरी लाखेच्या तबकडीची मर्यादा राहिलीच. जें मूळांत टिपलेंच गेलें नाहीं तें कोणत्याहि किलोबिटानें परत येत नाहीं. पुण्याच्या आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून गीतरामायणाचीं ५६ गीतें क्रमानें प्रसारित झालीं, तीं आण्णांनीं लहानपणीं शेजारच्या रेडिओवर खरखरींतून ऐकलीं. त्यांतील शब्द न् शब्द त्यांना आजहि येतो.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीं झाली. आम्ही आंबेनळी घाटानें प्रतापगडास निघालों. पोलादपूर सोडून गाडी वळणें घेऊं लागली, तशी मोबाईलची रेंज जाऊं येऊं लागली. अशा वेळीं हे ॲप आपण होऊन खालच्या पायरीवर उतरतें, आणि पुढें तेंहि जमेनासें झालें कीं गप्प बसतें. पुतण्याचें लॉसलेस प्रथम पाण्याखालीं गेलें, मग थांबलें. सावित्रीच्या खोऱ्यांतील वाड्या-वस्त्यांवर, विशेषतः पावसाळ्यांत वीज व रेंज दोन्हीं रुसतात तेव्हां, हें नित्याचेंच. महाडास एस. टी.नें जाणाऱ्या विद्यार्थ्यास जें हवें आहे तें अधिक किलोबिट नव्हेत. घरीं चांगली रेंज असतांना गाणीं उतरवून घेऊन वाटेंत नेटविना ऐकण्याची सोय, म्हणजे डाउनलोड, हवी आहे.

आतां दाम पाहूं. स्पॉटिफायनें २०२५ च्या नोव्हेंबरांत भारतासाठीं मासिक १३९, १९९ व २९९ रुपयांच्या योजना जाहीर केल्या. १३९ मध्यें जाहिराती टळतात, पण डाउनलोड नाहीं. १९९ मध्यें ३२० किलोबिट व डाउनलोड. २९९ मध्यें लॉसलेस, आणि तिघांची सोय. तिघे वांटून घेणार असतील तर शेवटची योजना माणशीं शंभर रुपयांच्या आंत पडते हें खरें. एकट्यानें केवळ आवाजासाठीं मधलीवरून वरच्या पायरीवर चढणें मला व्यर्थ वाटतें. खालचीवरून मधलीवर चढणें मात्र आमच्या भागांत पैसे वसूल करणारें आहे. रिचार्जचाहि हिशेब धरावा. १६० किलोबिटांवर तासाला ७२ मेगाबाइट, ३२० वर १४४, आणि सीडीच्या दर्जाचें लॉसलेस तासाला तीनशें ते चारशें मेगाबाइट खातें. रोजचा दीड जीबी डेटा असणाऱ्या मुलाचा कोटा चार-पांच तासांत संपेल, मग अभ्यासाचे व्हिडिओ कशावर पाहावयाचे? जाहिराती सोसण्याची तयारी असेल तर फुकट सेवा १६० पर्यंत देते. ज्यास वर्गणी जड आहे त्यानें तीवर खुशाल संतोष मानावा, आणि जमल्यास तोच पैसा एका बऱ्याशा तारेच्या इअरफोनवर खर्चावा. त्यानें पडणारा फरक आण्णांसहि कळला.

एक गोष्ट मात्र या सर्व सेवांस लागू आहे. उतरवून घेतलेलीं गाणीं आपलीं होत नाहींत. स्पॉटिफायवर तीं टिकावयाचीं तर तीस दिवसांतून एकदां तरी नेटला जोडावें लागतें, आणि वर्गणी थांबली कीं तीं मुकीं होतात. रेसो ही सेवा भारतांत २०२४ च्या जानेवारींत बंद झाली. त्याच वर्षीं एअरटेलनें विंक म्युझिक बंद करण्याचें जाहीर केलें. सभासदांनीं वर्षानुवर्षें जुळविलेल्या याद्यांचा आधार गेला. आमच्या माळ्यावर आण्णांच्या कॅसेटी आहेत, त्या मात्र कोणी बंद करूं शकला नाहीं; त्यांस बुरशी लागली ती निराळी गोष्ट.

आण्णांच्या भजनी मंडळाचें एक ध्वनिमुद्रण माझ्या मोबाईलमध्यें आहे. त्यांतील दोघे म्हातारे आज हयात नाहींत. पखवाज मोबाईलच्या अगदीं जवळ होता, म्हणून प्रत्येक थापेला आवाज फाटतो, आणि तें कोणत्याहि सेवेवर मिळावयाचें नाहीं. पुतण्यानें जातांना त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली व दुसरी आपल्या संगणकावर ठेवली. येत्या एकादशीला मोबाईल पखवाजापासून दूर, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवावयाचा, असें आमचें ठरलें आहे.