दहा ठिपके आणि तीन प्रश्नचिन्हं

फरशीच्या दुकानात चौकोनी लादी मिळते, फुटपाथवर षटकोनी पेव्हर ब्लॉक दिसतात, एखादा हौशी माणूस त्रिकोणी तुकडेही बसवून घेतो. पण पाचही बाजू आणि पाचही कोन सारखे असलेल्या पंचकोनी लाद्यांची अख्खी जमीन तुम्ही कुठे पाहिली आहे का? पाहिली नसणारच. अशा पंचकोनाचा कोपरा 108 अंशांचा असतो. एका बिंदूभोवती तीन पंचकोन मांडले की 324 अंश भरतात, आणि उरलेल्या 36 अंशांत चौथा मावत नाही. गवंडी कितीही हुशार असो, फट राहतेच.

स्फटिक म्हणजे अणूंची अशीच फरसबंदी, फक्त लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांना. मीठ, साखर, तांबं, हिरा, सगळीकडे एकच नमुना ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतो. म्हणून स्फटिकातली रचना एका फेरीत दोन, तीन, चार किंवा सहा वेळा जशीच्या तशी दिसू शकते. पाच वेळा नाही, दहा वेळा तर नाहीच. हे कुणाचं मत नव्हतं, गणित होतं, आणि प्रत्येक पाठ्यपुस्तकात ते सिद्धतेसह छापलेलं होतं.

8 एप्रिल 1982 रोजी डॅन शेख्टमन यांच्यासमोर नेमकं तेच उभं राहिलं. इस्रायलमधल्या हैफा इथल्या टेक्निऑन संस्थेतून ते काही काळासाठी अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये आले होते. अॅल्युमिनियम आणि मँगनीज यांचा वितळलेला रस गरगर फिरणाऱ्या चाकावर सोडायचा, तो क्षणार्धात गोठवायचा आणि तयार झालेली पातळ फीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, असं काम चालू होतं. इलेक्ट्रॉनांचा झोत अणूंच्या रांगांमधून जाताना विखुरतो आणि पलीकडे ठिपक्यांची नक्षी उमटते. ती नक्षी म्हणजे आतल्या मांडणीचा पुरावा. त्या दिवशी मधल्या ठिपक्याभोवती सारख्या अंतरावर दहा ठिपके होते. शेख्टमन यांनी वहीत ‘दहा’ची नोंद केली आणि पुढे तीन प्रश्नचिन्हं काढली.

ती प्रश्नचिन्हं मला फार आवडतात. जगाने शंका घेण्याआधी त्यांनी स्वतःच ती घेतली होती. असे ठिपके दिसण्याचं एक साधं कारण असू शकतं, हे त्यांना माहीत होतं. पाच साधे स्फटिक एकमेकांना विशिष्ट कोनात चिकटले, तर सगळ्यांचे ठिपके एकत्र येऊन दहाचा भास होतो. अशा चिकटलेल्या स्फटिकांना जुळे स्फटिक म्हणतात. मग हे ओळखायचं कसं? झोत बारीक करत न्यायचा. जुळे असतील, तर कधीतरी झोत एकट्या भावंडावर पडेल आणि नक्षी साधी होईल. शेख्टमन यांनी जुळे शोधले. ते सापडले नाहीत. तुकडा कितीही लहान घेतला तरी ठिपके दहाच.

यानंतरची गोष्ट वैज्ञानिकांच्या वर्तुळात अनेकदा सांगितली गेली आहे. गटप्रमुखाने त्यांच्या टेबलावर स्फटिकशास्त्राचं प्राथमिक पुस्तक आणून ठेवलं आणि जरा वाचून बघा, असं सुचवलं. ते पुस्तक शेख्टमन स्वतः शिकवत होते. पुढे त्यांना गट सोडायला सांगण्यात आलं. माझ्या मते ही टीका नव्हे, अपमान होता, आणि त्याला उत्तर देत बसण्यात अर्थही नव्हता. शेख्टमन दुसऱ्या गटात गेले आणि काम चालू ठेवलं. हैफाला परतल्यावर इलान ब्लेख नावाचा सहकारी मिळाला, ज्याने अशी मांडणी शक्य आहे हे दाखवणारी प्रतिकृती रचली. 1984 मध्ये दोघांनी लिहिलेला लेख एका नियतकालिकाने परत पाठवला. शेवटी जॉन कान आणि देनी ग्राशिया यांना सोबत घेऊन लिहिलेला छोटा लेख त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी आपापल्या भट्ट्या पेटवल्या.

गणित तर खोटं नव्हतं, मग हे घडलं कसं? गणिताने एवढंच म्हटलं होतं की ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणाऱ्या मांडणीत पाच किंवा दहाची सममिती बसत नाही. शिस्तबद्ध मांडणी म्हणजे पुन्हा पुन्हा येणारीच मांडणी, ही भर आपण घातली होती. रॉजर पेनरोझ यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं होतं की एक जाडा आणि एक सडपातळ अशा फक्त दोन समभुज चौकोनांनी, जोडणीचे नियम पाळून, फट न ठेवता कितीही मोठी जमीन भरता येते, आणि तरी नमुना कधीच फिरून तसाच सुरू होत नाही. याचं कारण सुंदर आहे. जमीन वाढवत नेली की जाड्या आणि सडपातळ लाद्यांचं प्रमाण सुवर्ण गुणोत्तराकडे, म्हणजे 1.618च्या आसपासच्या संख्येकडे जातं. ही संख्या पूर्णांकांच्या अपूर्णांकात मांडताच येत नाही. नमुना पुन्हा पुन्हा आला असता तर प्रत्येक नमुन्यात अमुक जाड्या, तमुक सडपातळ असा पूर्णांकी हिशेब लागला असता. तो लागत नाही, म्हणून पुनरावृत्तीही नाही. शेख्टमन यांच्या धातूत अणूंनी हेच तिन्ही दिशांना केलं होतं. अशा पदार्थांना पुढे क्वासिक्रिस्टल हे नाव मिळालं.

सर्वांत वजनदार विरोधक होते लायनस पॉलिंग, दोन नोबेल मिळवलेले रसायनशास्त्रज्ञ. क्वासिक्रिस्टल वगैरे काही नसतं, हे त्यांनी भर व्यासपीठावरून सांगितलं आणि शेख्टमन यांची खिल्लीही उडवली. पण त्यांची टीका टेबलावर पुस्तक ठेवण्यासारखी नव्हती. हे जुळेच आहेत, असं म्हणून त्यांनी आकडेमोड मांडली. 1987 मध्ये 820 अणूंचा एक प्रचंड घनही सुचवला. ज्या टीकेत तपासण्याजोगं काही असतं, ती कितीही बोचरी असली तरी उपयोगाची असते. स्फटिकशास्त्रज्ञांचा आणखी एक आक्षेप रास्त होता: आमचं शास्त्र क्ष-किरणांवर उभं आहे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर नाही, क्ष-किरणांनी दाखवा. त्यासाठी मोठे, निर्दोष नमुने हवे होते आणि झटपट गोठवलेल्या फितीत ते मिळत नव्हते. जपान आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी दुसऱ्या मिश्रधातूंत असे नमुने वाढवले. क्ष-किरणांनीही तेच ठिपके दाखवल्यावर 1987 मध्ये बहुतेकांचा विरोध मावळला.

इथे एक सावधगिरी. टीका झाली म्हणून कुणी बरोबर ठरत नाही. 1989 मध्ये मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी साध्या काचपात्रात अणुसंमीलन घडल्याचा दावा केला आणि टीकेनंतरही तो सोडला नाही. चिकाटी तिथेही होती. पण इतरांनी नीट करून पाहिलेल्या प्रयोगांत त्यांचा परिणाम उतरला नाही. शेख्टमन यांचा मिश्रधातू मात्र जो कुणी तसा गोठवी, त्याला दहा ठिपके मिळत.

1992 मध्ये स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्फटिकाची व्याख्याच बदलली आणि तिच्यातली पुनरावृत्तीची अट काढून टाकली. पॉलिंग यांनी 1994 मध्ये मृत्यू येईपर्यंत हार मानली नाही. शेख्टमन यांना 2011 चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्याला मिळालं, वहीतल्या त्या नोंदीनंतर 29 वर्षांनी. त्याआधी दोन वर्षं, रशियाच्या अतिपूर्वेकडून आलेल्या एका दगडात पहिला नैसर्गिक क्वासिक्रिस्टल सापडल्याचं जाहीर झालं होतं. तो दगड उल्कापाषाणाचा तुकडा निघाला.